'हलाल' शब्दाची सनद कोण तपासणार?

माहिती इतकी झाली आहे की खरे काय तेच कळत नाही, ही तक्रार आता रोजची झाली आहे. मला ती अर्धीच मान्य आहे. मोबाइलवर जाहिरातींचा पूर आहे हे खरे, पण आपण फसतो ते पुरामुळे नाही. 'हे कोण सांगतोय आणि सांगण्याचे त्याला काय मिळते?' हा प्रश्न आपण सोडून दिला म्हणून फसतो. जाहिरातीत 'हलाल' शब्द आला की तर आपले प्रश्न तिथेच थांबतात.

बंगळुरूच्या आयएमएचेच पाहा. व्याज हराम म्हणून बँकेच्या ठेवीपासून दूर राहणाऱ्या हजारो मुस्लिम कुटुंबांनी तिथे पैसे गुंतवले. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे, हजसाठी साठवलेले पैसे. त्यांना ठेवीदार नव्हे, 'भागीदार' म्हटले जाई. दरमहा दोन-तीन टक्के 'नफा' मिळे. जून २०१९ मध्ये संस्थापक मोहम्मद मन्सूर खान दुबईला निघून गेला. मागे उरली एक ऑडिओ क्लिप आणि कार्यालयासमोर रडणाऱ्यांची गर्दी. जुलैमध्ये त्याला दिल्लीत अटक झाली. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादच्या हीरा ग्रुपच्या प्रमुख नौहेरा शेख यांनाही गुंतवणूकदारांच्या फसवणुकीच्या आरोपावरून अटक झाली होती. म्हणजे इशारा आठ महिने आधीच मिळाला होता.

या कुटुंबांकडे माहिती कमी होती का? मुळीच नाही. नातेवाइकांचे अनुभव होते, ओळखीच्यांची शिफारस होती, काही मौलवींचा शब्द होता. पण दहा तोंडांतून आलेली ही माहिती मुळात एकाच घरची होती. 'मला दर महिन्याला पैसे मिळतात' असे सांगणारा मामा खोटे बोलत नव्हता. अशा योजनेत जुन्याला दिलेले पैसे नव्या माणसाच्या खिशातून येतात, आणि हे मामाला दिसत नाही. साक्षीदार प्रामाणिक असतो, साक्ष मात्र निरुपयोगी असते.

आता शरीअतच्याच निकषावर बघू. मुदारबा असो की मुशारका, भागीदारी म्हटली की नफ्याबरोबर नुकसानीची शक्यता आलीच. ज्या व्यवसायात वर्षानुवर्षे एकही महिना तोट्याचा जात नाही, तो कसला व्यवसाय? ज्या परताव्याची आधीच हमी दिली जाते, त्यात आणि व्याजात फरक काय? ही शंका घ्यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. देशात सेबीकडे नोंदलेले शरीअत-आधारित म्युच्युअल फंडही आहेत. ते परताव्याची हमी देत नाहीत, उलट जोखमीची सूचना देतात. आपल्याला ती सूचना खटकते आणि हमी आवडते, रोग इथे आहे.

ज्या परंपरेने 'सनद' हा शब्द दिला, तिच्या वारसांची ही अवस्था व्हावी याचे वाईट वाटते. मजकूर चांगला आहे एवढ्यावर मुहद्दिसांनी हदीस स्वीकारली नाही. रावी कोण, त्याचे चारित्र्य कसे, स्मरणशक्ती कशी, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो खरोखर भेटला होता का, हे सारे तपासले. त्यासाठी अस्माउर्रिजाल हे स्वतंत्र शास्त्र उभे केले. आणि आपण? आपण 'फॉरवर्डेड' असे लिहिलेला संदेश बिनदिक्कत पुढे पाठवतो.

यावर काही जण म्हणतात, सामान्य माणसाला तपासायला वेळ कुठे आहे? सत्तर रुपयांच्या टोमॅटोला आपण चार गाड्यांवर भाव विचारतो आणि दोन लाखांना वेळ नाही? रिझर्व्ह बँकेचे 'सचेत' पोर्टल २०१६ पासून आहे. ठेवी घेण्याची परवानगी कुणाला आहे, ते तिथे बघता येते, तक्रारही करता येते. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर सापडतो. दुसरे म्हणतात, असे उघड लिहिल्याने कौमची बदनामी होते. बदनामी लुटल्याने होते, लुटीविषयी लिहिल्याने नाही.

मात्र सगळा बोजा खरेदीदारावर टाकून शिफारस करणाऱ्याला मोकळे सोडणे मला मान्य नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची नीट खातरजमा केली होती, हे दाखवता आले तरच तो सुटतो. कायद्याला जे कळते ते आपल्या मंचांना का कळू नये? जलशाच्या फलकावर ज्याची जाहिरात छापता, त्याची नोंदणी आधी मागा. ज्या वक्त्याने व्हिडिओत एखादी योजना 'हलाल' म्हटली, त्याला जाहीरपणे विचारा: तुम्ही हिशेब पाहिले का? तुम्हाला यासाठी मानधन मिळाले का?

उत्तर देण्याऐवजी तो तुमच्या ईमानावर शंका घेऊ लागला, तर पैसे खिशातच ठेवा आणि ही गोष्ट शेजाऱ्यालाही सांगा.