नजरेची हजेरी

डोळा कुठे वळला यावरून माणसाचा हेतू ठरवणारी यंत्रे बाजारात आली आहेत आणि आपल्या चळवळीत त्यावर अजून कोणी धड बोलत नाही. आपण आरक्षणावर बोलतो, ॲट्रॉसिटीवर बोलतो, रखडलेल्या शिष्यवृत्तीवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण ज्या परीक्षेतून, ज्या मुलाखतीतून आपली पोरे नोकरीपर्यंत पोचणार, तिथे दारातच कॅमेरा बसला आहे आणि तो उत्तराआधी डोळे तपासतो आहे. हा विषय इंजिनिअर लोकांचा आहे असे म्हणून सोडून देणे आम्हाला परवडणारे नाही.

आधी हे आय-ट्रॅकिंग म्हणजे काय ते साध्या शब्दांत समजून घेऊ. प्रयोगशाळेतल्या यंत्रात डोळ्यावर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर त्याचा चमकता ठिपका उमटतो. कॅमेरा बाहुलीचा मध्य आणि तो ठिपका यांच्यातले अंतर सतत मोजत राहतो आणि त्यावरून नजर पडद्यावर कुठे आहे याचे गणित मांडतो. सुरुवातीला माणसाला पडद्यावरच्या चार-पाच किंवा नऊ ठिपक्यांकडे बघायला लावून यंत्र त्याच्या डोळ्याशी जुळवून घ्यावे लागते. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारते, साधारण पाव सेकंद थांबते, पुन्हा उडी मारते, अडले की मागे येते. हे थांबे आणि ह्या उड्या यंत्र टिपते. त्याचे काम इथे संपते. त्या थांब्याचा अर्थ मात्र माणूस लावतो, आणि आमचे भांडण आहे ते तिथेच.

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी केलेला प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. त्यांचे पुस्तक इंग्रजीत 1967 मध्ये आले. हद्दपारीतून अचानक घरी परतलेल्या माणसाचे इल्या रेपिनचे एक चित्र त्यांनी एकाच माणसाला पुन्हा पुन्हा दाखवले, दर वेळी प्रश्न मात्र बदलला. या घरातल्या लोकांची वये सांगा, म्हटल्यावर नजर चेहऱ्यांवर फिरली. हे घर किती सधन आहे ते सांगा, म्हटल्यावर तीच नजर कपड्यांवर आणि सामानावर गेली. चित्र तेच, डोळे तेच, वाट वेगळी. म्हणजे डोळ्याची वाट विचारलेल्या प्रश्नावर ठरते. मग प्रश्न विचारणारा कोण, हे आपण विचारायचे की नाही?

आपल्या महाराष्ट्रातही यावर काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि अभिजित मिश्रा यांनी वाचकांच्या नजरेवरून मजकूर किती अवघड आहे, वाक्यातला उपरोध वाचकाला कळला की नाही, याचा अंदाज बांधणारे संशोधन केले. 2018 मध्ये त्याचे पुस्तकही निघाले. भाषा संगणकाला शिकवण्यासाठी हे काम मोलाचे आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. हाताने लिहिता येत नाही, तोंडाने बोलता येत नाही, अशा रुग्णाला नुसत्या नजरेने अक्षरे निवडून बोलता येते, हेही याच विद्येचे देणे आहे. ॲपलने 2024 पासून ती सोय आयफोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातच दिली. बाबासाहेब यंत्राचे शत्रू नव्हते. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी स्पष्ट बजावले होते की यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. यंत्र कुणाच्या हातात आणि कशासाठी, एवढेच आम्ही विचारतो आहोत.

प्रयोगशाळेत वाचक राजीखुशीने बसतो, यंत्र महागडे असते, हनुवटी टेकवायला आधार असतो, आणि नजर जास्त वेळ थांबली तर मजकूर अवघड असावा असा निष्कर्ष निघतो. बाजारात तेच तत्त्व लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यावर येते आणि निष्कर्षाची दिशा उलटी होते. आता नजर थांबली तर उमेदवार अवघड ठरतो. नजर बाजूला गेली तर संशयित ठरतो.

ज्याच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही त्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची नजर इंग्रजी प्रश्नावर जास्त वेळ थांबणार, मागे जाणार, पुन्हा वाचणार. मनातल्या मनात मराठीत उतरवताना ती छताकडेही जाणार. विचार करताना माणूस पडद्यावरून नजर काढतो, हे तर कुठल्याही शाळामास्तराला माहीत आहे. शिवाय साध्या कॅमेऱ्याला आधी चेहरा सापडावा लागतो, आणि कमी उजेडात, सावळ्या कातडीवर तो सारखाच सापडतो असे नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. ते काम नजरेचे नव्हते, चेहऱ्याचे होते. पण नजर मोजणारा कॅमेरा आधी त्याच चेहऱ्यावरून डोळ्यापर्यंत जातो.

आमच्या अभ्यासिकेतली हातकणंगले तालुक्यातली एक मुलगी एका खाजगी कंपनीची नोकरीची चाचणी घरून देत होती. घर एका खोलीचे. मागे आई भाकरी करतेय, लहान भाऊ दारातून आत-बाहेर करतोय, वर एकच ट्यूब. तिसऱ्यांदा नजर बाजूला गेल्याचा इशारा आला आणि चाचणी बंद पडली. तिने ईमेल केला. उत्तर आले की प्रणालीचा निर्णय अंतिम आहे. तिने किती प्रश्न बरोबर सोडवले होते, ते तिला आजही माहीत नाही. ज्याला घरात स्वतंत्र खोली आहे, दाराला कडी आहे, त्याची नजर आपोआप सभ्य ठरते. परीक्षा केंद्रावर निदान बाक सगळ्यांना सारखा असतो.

यावर आपलेच काही मित्र म्हणतात, कॉपीवाल्यांमुळे सर्वांत जास्त नुकसान आपल्या गरीब पोरांचे होते, मग कडक पहारा नको का? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे. 2021 च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी उघडकीला आणलेला टीईटी घोटाळा आठवा. पैसे घेऊन गुण वाढवल्याच्या आरोपावरून अटक कोणाला झाली? परीक्षा परिषदेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या माणसांना. उमेदवाराच्या डोळ्यावर दहा कॅमेरे लावले असते तरी तो घोटाळा सापडला नसता, कारण चोरी पडद्याच्या त्या बाजूला होती. पर्यवेक्षकही संशय घेतो, मान्य. पण पर्यवेक्षकाला मूल रडलेले ऐकू येते, त्याला नाव असते, त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते.

परीक्षेनंतर आता ड्रायव्हर. गाडी चालवणाऱ्याच्या पापण्या आणि नजर बघून डुलकी ओळखणारे कॅमेरे युरोपीय संघाने नव्या गाड्यांत टप्प्याटप्प्याने सक्तीच्या केलेल्या सुरक्षा यंत्रणांचा भाग झाले आहेत; आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही 2025 मध्ये बस आणि मालट्रकसाठी असा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. जीव वाचत असतील तर आम्ही विरोध कशाला करू? फक्त एक विचारतो: ड्रायव्हरला डुलकी का लागते, हे तो कॅमेरा कुठे नोंदवतो? 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली. त्याआधी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी 1946 च्या कारखाना दुरुस्ती कायद्यातून आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आणले. गळीत हंगामात रात्र-रात्र उसाच्या गाड्या ओढणाऱ्या आपल्या पोरांना तो हिशेब कोण लावतो? कॅमेरा पापणी मोजेल, मालक त्यावरून दंड कापेल, आणि ड्युटीचे रजिस्टर कपाटातच राहील. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली तेव्हाही असेच झाले. कामगार किती वेळ कुठे उभा राहिला ते दिसत होते. त्याच्या हातात मोजे आहेत का, ते त्या घड्याळात दिसत नव्हते.

कोणी कोणाकडे बघायचे, हा या देशात कधीच खाजगी मामला नव्हता. तिन्नेवेल्ली जिल्ह्यातल्या पुरड वण्णन जातीच्या लोकांचे नुसते दर्शनही विटाळ मानले जाई. त्यांना दिवसा बाहेर पडायची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी ही नोंद आवर्जून पुढे आणली. आपल्या गावगाड्यातही वाड्यासमोरून जाताना नजर खाली हा अलिखित नियम होता, आणि ज्याने नजर वर केली तो माजला. म्हणून ‘यंत्र जात बघत नाही’ हे वाक्य ऐकले की आम्हाला हसू येते. यंत्र जात बघत नसेल, पण ‘योग्य नजर’ कशी असते याचा नमुना त्याला कोणीतरी शिकवलेला असतो.

आणि कोल्हापुरात बसून हे लिहिताना हजेरीची गोष्ट सांगायलाच हवी. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींना रोज गावकामगारापुढे हजेरी द्यावी लागे. गुन्हा केला म्हणून नव्हे, करतील म्हणून. ती हजेरी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात 1918 मध्ये बंद केली. ब्रिटिशांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला मात्र 1952 उजाडले. आधी संशय, मग पुरावा, ही जी रीत महाराजांनी मोडली, ती आता सॉफ्टवेअरच्या नावाने परत येते आहे.

कायदा आपल्या बाजूने काहीच नाही असे नाही. 2010 च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. त्याच्या दोनच वर्षे आधी पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात ब्रेन मॅपिंगचा आधार घेऊन शिक्षा सुनावली होती, हे विसरू नका. शरीराची जी हालचाल माणसाच्या ताब्यात नाही ती त्याच्याविरुद्ध बोलावयास लावायची नाही, हे ते तत्त्व. सेल्वी फौजदारी तपासापुरता आहे हे आम्ही जाणतो. पण नजरेची उडी तरी कुठे माणसाच्या ताब्यात असते? 2017 च्या पुट्टास्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीची भाषा करतो, पण त्यातच सरकारने आपल्या यंत्रणांना सूट देण्याची खिडकी ठेवली आहे. आणि नोकरी हवी असणाऱ्या पोराची ‘मी सहमत आहे’वर टिचकी ही संमती म्हणायची तर सावकाराच्या कागदावरचा अंगठाही संमतीच होता. युरोपच्या कायद्याने परीक्षेत विद्यार्थ्यांवर पाळत ठेवणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या यादीत घातल्या आणि नोकरीच्या जागी व शाळेत भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर फेब्रुवारी 2025 पासून बंदी आणली. आपल्याकडे असा एक ओळीचा नियमही नाही.

तेव्हा काम असे आहे. ज्या सरकारी भरतीत, विद्यापीठात, महामंडळात कॅमेऱ्याने नजर तपासली जाते अशी शंका असेल, तिथे माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. विचारायचे प्रश्न: कोणत्या कंपनीशी करार झाला, कराराची प्रत. नजरेचा डेटा किती दिवस ठेवतात. चुकीच्या इशाऱ्यांचे प्रमाण कोणी तपासले, अहवालाची प्रत. किती उमेदवार यामुळे बाद झाले, त्यांची प्रवर्गनिहाय संख्या. बाद झालेल्याने अपील कोणाकडे करायचे, त्या अधिकाऱ्याचे पद. खाजगी कंपनीच्या चाचणीत बाद झाला असाल तर ईमेल, स्क्रीनशॉट, वेळ, सगळे जपून ठेवा आणि आमच्या अभ्यासिकेत आणून द्या. अर्जाचा मराठी नमुना तिथे तयार आहे, रविवारी संध्याकाळी आम्ही बसतो.

जय भीम.