‘झाडादगडांची पूजा’ या दोन शब्दांत न मावणारे हेमलकसा

हेमलकसा म्हटले की मराठी वाचकाला २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प आठवतो, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आठवतात, वन्यप्राण्यांचे अनाथालय आठवते. ज्या माडिया गोंडांसाठी हे सारे उभे राहिले, त्यांच्या धर्माविषयी मात्र आपल्याला बहुधा एकच वाक्य ठाऊक असते : ‘ते निसर्गपूजक आहेत.’ शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेच्या टिपणांपर्यंत हेच वाक्य फिरते. थोडे अधिक वाचलेला विद्यार्थी त्यावर दोन शब्द चढवतो : जडप्राणवाद आणि शमनवाद. या दोन शब्दांचा इतिहास समजून घेतल्याशिवाय ते भामरागडच्या जंगलात वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला शब्द ‘ॲनिमिझम’. लॅटिन ‘अनिमा’ म्हणजे प्राण किंवा आत्मा. एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने १८७१ मध्ये ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या ग्रंथात हा शब्द रूढ केला. त्याची मांडणी अशी : स्वप्नात दिसणारी माणसे आणि मृत्यूने निश्चल झालेले देह पाहून आदिमानवाने ‘आत्मा’ कल्पिला, तोच पुढे त्याने प्राण्यांत, झाडांत, दगडांत पाहिला, त्यातून अनेक देव आले आणि शेवटी एकेश्वरवाद. म्हणजे धर्माची शिडी, आणि तिच्या तळाच्या पायरीवर आदिवासी. टायलरने ही शिडी प्रवासी, मिशनरी आणि अधिकारी यांनी लिहिलेल्या वृत्तांतांवरून रचली, हे येथे विसरू नये.

दुसरा शब्द सायबेरियाचा. तेथील इवेंकी लोकांच्या भाषेतील ‘शामान’ सतराव्या शतकात रशियन लेखनातून युरोपात पोहोचला. आपल्या ‘शमन करणे’शी त्याचे नाते नाही. ‘श्रमण’शी त्याचा संबंध जोडणारे मत जुने आहे, बहुतेक अभ्यासक आज ते मानत नाहीत. (समाजमाध्यमांवर मात्र ते ठामपणे सांगितले जाते.) १९५१ मध्ये मिर्चा एलियाद याने शामानाचे खास लक्षण सांगितले ते हे, की त्याचा आत्मा देह सोडून वरच्या-खालच्या लोकांत जातो आणि परत येतो.

आता हे लक्षण आपल्या मुलखाला लावून पाहा. इंद्रावती ओलांडली की बस्तर. तेथील ‘सिरहा’ कोठे जात नाही. देवच त्याच्या अंगात येतो आणि त्याच्या तोंडून बोलतो. दिशाच उलटी! मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. ‘अंगात येणे’ हा आपल्या घरातला शब्द आहे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत धनगर समाज दरवर्षी भाकणूक ऐकतो, वारली पाड्यावर भगत असतो, देवऋषी तर सर्वत्र. सायबेरियाचा शब्द उसना आणण्याआधी आपण हे आपले शब्द का तपासत नाही?

माडिया समाजात या कामांसाठी गायता, पेरमा, वड्डे, पुजारी अशी नावे आढळतात. गावागणिक आणि मुलखागणिक त्यांची वाटणी बदलते. त्यातला एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गावाच्या भूमीशी वर्षाचा व्यवहार सांभाळणारा आणि आजाराचे किंवा अरिष्टाचे कारण शोधणारा, ही दोन वेगळी कामे आहेत. दोघांना ‘मांत्रिक’ म्हणून मोकळे होणे म्हणजे तलाठी आणि डॉक्टर यांना एकच पदनाम देणे.

मुळात या धर्माचा गाभा ‘झाडात आत्मा आहे’ या सिद्धांतात नाही. तो नात्यात आहे. देवाला गोंडी भाषांत ‘पेन’ म्हणतात. चार, पाच, सहा, सात देव मानणारे असे कुळांचे गट असतात. समान देवसंख्येची कुळे एकमेकांची भाऊबंद, म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे ‘तुमचे देव किती?’ हा प्रश्न श्रद्धेचा तितकाच विवाहाचाही. मेलेला माणूस पूर्वज होऊन गावाशी जोडलेला राहतो आणि त्याच्या नावाने दगड उभा केला जातो. पुरातत्त्वाचे विद्यार्थी विदर्भातील महापाषाणीय शिळावर्तुळांचे उत्खनन-अहवाल वाचतात. इकडे स्मारकशिळा उभारण्याची रीत जिवंत आहे. (दोहोंना थेट एका धाग्यात ओवण्याचा मोह मात्र टाळावा, मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे आहेत.) आणि ‘पंडुम’ : नवे पीक, नवा आंबा पेनाला आणि पूर्वजांना दिल्याखेरीज माणसाने खायचा नाही. येथे झाडाची पूजा चाललेली नसून झाडाच्या फळावर पहिला हक्क कोणाचा, हे ठरत असते. नुरित बर्ड-डेव्हिड यांनी निलगिरीतील नायक समाजाच्या अभ्यासावरून १९९९ मध्ये नेमके हेच मांडले, की जडप्राणवाद ही चुकलेली विज्ञानकल्पना नव्हे, ती इतर सजीवांशी आणि वस्तूंशी नाते ठेवून जगाला ओळखण्याची रीत आहे. टायलरपेक्षा हे वाचन मला भामरागडच्या अधिक जवळचे वाटते.

हा निव्वळ शब्दांचा काथ्याकूट नाही. टायलरचा शब्द ग्रंथालयातून थेट सरकारी रकान्यात गेला. १८९१ च्या जनगणनेत ‘ॲनिमिस्टिक’ हा धर्माचा वर्ग झाला. दारात येणाऱ्या गणकाला तो शब्द आदिवासीने कधीच सांगितला नव्हता. गणकाने तो त्याच्यावर लिहिला. हिंदू आणि ‘ॲनिमिस्ट’ यांच्यातील रेषा आखता येत नाही, याची कबुली अधिकाऱ्यांचे अहवालच देत राहिले. १९३१ मध्ये जनगणना आयुक्त हटन यांनी ‘आदिवासी धर्म’ असा बदल केला. १९४३ मध्ये गो. स. घुर्ये यांनी आदिवासी हे मागासलेले हिंदूच, अशी भूमिका घेतली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये वेगळा रकाना गेला आणि ‘इतर’ उरले. २०११ मध्ये देशभरात सुमारे ७९ लाख लोक ‘इतर धर्म व पंथ’ या सदरात नोंदले गेले; त्यांत सरना सुमारे ४९ लाख, गोंड धर्म सांगणारे सुमारे १० लाख.

दुसरा परिणाम डोंगरावर दिसतो. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि त्याच डोंगरात लोहखनिज आहे. ‘निसर्गपूजा’ म्हटले की देव कोठेही हलवता येतो. निसर्ग काय, सगळीकडेच आहे! पण या मुलखाचा देव या डोंगराचा आहे. नियमगिरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरील धार्मिक हक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तोच निकष सुरजागडला लागायला हवा होता, असे मी मानतो.

या धर्माचे कौतुक करताना डोळे मिटू नयेत, हेही त्याच ठामपणे म्हणतो. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातीलच बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जिवंत जाळण्यात आले. आजाराचे कारण कोणाच्या तरी करणीत शोधणारी दृष्टी माणसाचा जीव घेऊ शकते, आणि तेथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच. हेमलकशाच्या दवाखान्याने वाचवलेले जीवही खरे आहेत. माझा आक्षेप एवढाच, की पंडुम, पूर्वजांचा दगड, देवसंख्येचे सोयरेनियम आणि करणीचा संशय या साऱ्यांना ‘अंधश्रद्धा’ नावाच्या एकाच पोत्यात भरणारा आणि त्यांना ‘पर्यावरणस्नेही अध्यात्म’ म्हणून शहरात विकणारा, दोघेही माडिया माणसाला न विचारताच बोलतात.

नागपूरचे मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनी ‘कोया पुनेम’ हे नाव पुढे आणले. त्यातही एक अडचण आहे : एका नावाखाली आणताना गावागावांचे पेन एकसारखे दिसू लागतात. पण ती त्यांची अडचण आहे, त्यांनी सोडवायची. १ मार्च २०२७ या संदर्भ-दिनांकाच्या जनगणनेत भामरागडच्या दारात उभा राहणारा गणक बहुधा मराठीत विचारील, उत्तर माडियात येईल. सहा धर्मांपलीकडचे नाव सांगितले गेले, तर ते जसेच्या तसे लिहून घेणे हे त्याचे काम आहे.