परदेशी शिकवायला जाताना

मुलीने परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज करायचे ठरवले, की नगरच्या कापड बाजारातील एखाद्या घरात प्रथम शांतता पसरते. एकटी मुलगी, परका मुलूख, चौविहार आणि कंदमुळांचा प्रश्न. वडीलधाऱ्यांची काळजी स्वाभाविकच असते. मात्र सातासमुद्रापलीकडे शिकवायला जाणारी एकटी स्त्री या शहराला नवी नाही. तिचा प्रवास फक्त उलट दिशेने झाला होता.

मुंबईतील मुलींच्या शाळांसाठी अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेची निवड केली. १८२७ च्या अखेरीस, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या मुंबईत उतरल्या. प्रकृती ढासळल्याने मध्यंतरी त्या मायदेशी परतल्या. पण १८३९ मध्ये पुन्हा आल्या, त्या अहमदनगरला. १८६२ मध्ये त्यांनी येथेच देह ठेवला. धर्मप्रसार हा संस्थेचा उघड हेतू होता. तरीही नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात १८४८ मध्ये शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हेही तितकेच खरे. आज नगरच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर सावित्रीबाईंचे नाव असते, त्यामागे हा धागा आहे.

या प्रवासातील एक व्यवहार व्यापारी कुटुंबाने विशेष लक्षात घ्यावा. ज्या संस्थेला शिक्षिका हवी होती, तिनेच खर्चाचा भार उचलला. आज अनेकदा याच्या उलट घडते: नोकरी देणारा दूर राहतो आणि उमेदवाराची थैली मध्यस्थाकडे रिकामी होते.

म्हणून अर्जापूर्वी तीन गोष्टी पडताळाव्यात. पहिली, पात्रता. कित्येक देश इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचे पारपत्र मागतात. दक्षिण कोरियाचा नियम असा सात देशांपुरताच आहे. मात्र २०१० पासून अमलात असलेल्या भारत-कोरिया करारामुळे इंग्रजीची पदवी आणि शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना तेथील शाळांत साहाय्यक शिक्षक होता येते. अशा ठिकाणी १२० तासांचा ऑनलाइन ‘टेफल’ अभ्यासक्रम बी.एड.ची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी, मध्यस्थ. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार भरती करणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याचे सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक असू शकत नाही. ही नोंदणी शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते. पावती न देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

तिसरी, कागद. पदवी प्रथम राज्य शासनाकडून प्रमाणित होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल मिळते. यास वेळ लागतो. म्हणून सुरुवात लवकर करावी. करारात वेतन, तास, निवास आणि परतीचे भाडे स्पष्ट असावे. ‘आत्ता पर्यटक व्हिसावर या, नंतर बदलून देऊ’ असे कोणी म्हणाले, तर बोलणे तेथेच थांबवावे.

आहाराचा प्रश्न या सर्वांनंतरचा. स्वतःचे स्वयंपाकघर मिळणार असेल, तर नियम कोठेही पाळता येतो. ते मिळणार आहे का, हे मात्र सही करण्यापूर्वीच विचारावे.

उधारी देताना आपल्या पेढीवर समोरच्याची पत पाहिली जाते. मुलगी पाठवताना तीच सावधगिरी कितीतरी अधिक हवी. पडताळणी पुरी झाल्यावर मात्र केवळ भीतीपोटी तिचा अर्ज अडवून ठेवू नये.