जादूला मोकळीक द्या, गल्ल्याला नको

फँटसी वाचणारे चार जण एकत्र आले की एक वाद हमखास निघतो. एखाद्या जगात काही माणसांकडे खरोखरच जादू असेल, तर त्यांना मोकळं सोडावं की बांधून ठेवावं? एक बाजू म्हणते, चिडल्यावर अख्खी वाडी जाळू शकणारा माणूस शेजारी राहत असेल, तर त्याची सरकारदरबारी नोंद हवी आणि त्याच्यावर नजरही हवी. दुसरी बाजू म्हणते, जन्माने मिळालेल्या गोष्टीसाठी माणसाला बांधणं हा अन्याय आहे. आज नोंदणी, उद्या छावणी. हॅरी पॉटरच्या जगात जादूचं स्वतंत्र मंत्रालय आहे आणि अल्पवयीन मुलांनी शाळेबाहेर जादू करायची नाही असा नियमही आहे. एक्स-मेनच्या कथांमध्ये म्युटंटांच्या नोंदणीचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आपल्या चांदोबातही दुष्ट मांत्रिक भरपूर होते, पण त्यांचा बंदोबस्त राजपुत्र करायचा, विधिमंडळ नव्हे.

महाराष्ट्रात मात्र हे काम विधिमंडळाने केलं आहे. 'जादूटोणाविरोधी कायदा' या नावाने आपण ओळखतो तो २०१३चा अधिनियम म्हणजे, एका अर्थी, जादूगारांचं काय करायचं या प्रश्नाला आपल्या राज्याने दिलेलं लेखी उत्तर. ते उत्तर फँटसीतल्या दोन्ही बाजूंपेक्षा शहाणं आहे, हे मला इथे मांडायचं आहे. त्याला भोक कुठे आहे तेही सांगायचं आहे.

फँटसीतल्या वादात जादू चालते हे गृहीत असतं. जादूगाराचं बोट हललं की आग लागते, म्हणून त्या बोटाचं काय करायचं हा प्रश्न. आपल्याकडे बोट कितीही हललं तरी आग लागत नाही. तरीही माणसं होरपळतात, कारण ताकद मांत्रिकात नसते, समोर बसलेल्याच्या भीतीत आणि गरजेत असते. त्यामुळे 'जादूगार' या एका शब्दात आपल्याकडे दोन अगदी वेगळी माणसं कोंबली जातात. एक जण स्वतः म्हणतो, 'माझ्याकडे शक्ती आहे'. हा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि त्याच्यापुढे गल्ला असतो. दुसरीबद्दल लोक म्हणतात, 'तिच्याकडे शक्ती आहे'. ही बहुतेक वेळा बाई असते. विधवा, एकटी, कधी तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असलेली. नंदुरबारकडे तिला डाकीण म्हणतात, इतरत्र चेटकीण. पहिल्याचा धंदा चालतो आणि दुसरीला गाव मारतं. 'जादूगारांना आवरा' अशी नुसती आरोळी ठोकली, तर पहिला मागच्या दाराने सटकतो आणि दुसरी सापडते.

इंग्लंडच्या कायद्याने हा गोंधळ पावणेचारशे-चारशे वर्षांत हळूहळू निस्तरला. १६०४च्या कायद्यात चेटूक करणं हाच गुन्हा होता आणि त्याला फाशी होती. १७३५च्या कायद्याने ते उलटं फिरवलं. चेटकाचे खटले बंद झाले आणि आपल्याकडे अशी शक्ती आहे असं भासवणं हा गुन्हा ठरला. १९५१मध्ये तोही कायदा गेला आणि फसवणूक करणाऱ्या 'माध्यमां'पुरता, म्हणजे मृतांशी बोलतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांपुरता कायदा उरला. २००८मध्ये तोही रद्द होऊन प्रकरण ग्राहकसंरक्षणाच्या नियमांत जमा झालं. फाशीपासून ग्राहकाच्या तक्रारीपर्यंतचा हा प्रवास मला फार बोलका वाटतो. जादूवरचा विश्वास उडत गेला तसतशी सरकारची नजर जादूगाराच्या आत्म्यावरून त्याच्या गल्ल्याकडे वळली.

आपल्या कायद्याने ही मजल एका दमात मारली. त्याच्या अनुसूचीत कृत्यांची यादी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र आणि गंडेदोरे करणं. अंगात संचार झाल्याचं भासवून, 'माझं ऐकलं नाहीस तर वाईट होईल' अशी भीती घालणं. आणि याच यादीत, एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, गुरांचं दूध आटतं असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं. म्हणजे शक्तीचा दावा करून छळणारा आणि दुसऱ्यावर शक्तीचा आरोप करून छळणारा, दोघेही आरोपी. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

आता यात काय नाही ते बघा. संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून नातवाची दृष्ट काढणारी आजी नाही. दुकानाच्या दाराला शनिवारी नवं लिंबूमिरची बांधणारा दादरचा दुकानदार नाही. लालबागला तासन् तास रांगेत उभं राहून नवस बोलणारी, पुढच्या वर्षी फेडायला येणारी माणसं नाहीत. कलम १२ने हरिकथा, कीर्तन, प्रवचन, वारी यांना सरळ बाहेर ठेवलं आहे. घर, देऊळ, दर्गा, गुरुद्वारा, चर्च इथल्या शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या पूजाअर्चेलाही. दिवंगत संतांचे चमत्कार सांगायलाही मुभा आहे. 'हा कायदा आला की देवासमोर उदबत्ती लावणंही गुन्हा होईल' असं ज्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं, त्यांनी मसुदा वाचला नव्हता किंवा इतरांनी तो वाचू नये अशी त्यांची इच्छा होती.

आणि जादूगार रघुवीर तर या कायद्याच्या आसपासही येत नाहीत. तिकीट काढून आपण स्वतःला फसवून घ्यायला जायचो आणि ते आपल्याला चोख फसवून परत पाठवायचे. हातचलाखी आहे हे त्यांनाही ठाऊक, आपल्यालाही ठाऊक. हा जादूचा सर्वात प्रामाणिक प्रकार आणि तो पूर्ण मोकळा आहे.

मोकळिकीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद मी त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात घेतो. ते म्हणतात, प्रौढ माणूस स्वतःच्या पैशाचं काय करतो याच्याशी सरकारचा संबंध काय? कुणी दारूवर उडवतो, कुणी लॉटरीवर, कुणी बाबावर. बाबाकडून त्याला निदान धीर मिळतो. शिवाय कुठली श्रद्धा खरी आणि कुठली खोटी हे सरकार ठरवायला लागलं, तर उद्या ते कुणाच्याही देव्हाऱ्यात हात घालेल.

दुसरा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच कृत्यांवर बोट ठेवणारा आणि श्रद्धेला हात न लावणारा कायदा मला पटतो. पहिला मुद्दा मात्र परळला येऊन तपासावा. एका बाजूला केईएम, दुसरीकडे टाटा. टाटाबाहेरच्या फुटपाथवर फायली छातीशी धरून बसलेली माणसं दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून आलेली असतात. कर्करोगात उपचार कधी सुरू झाले याला किती महत्त्व असतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. बाबाकडे दिलेले पाच-दहा हजार रुपये पुन्हा मिळवता येतात, पण त्याच्याकडे घालवलेले सहा महिने येत नाहीत. बाबा धीर विकतो असं आपण म्हणतो, तेव्हा त्याची किंमत रुपयांत मोजतो. रोगी ती काळात मोजत असतो. 'हे औषध घेऊ नकोस' असं बाबाने सांगितलं की प्रौढांमधल्या खुशीच्या सौद्याची भाषा तिथेच संपते.

सापाचं उदाहरण याहून स्वच्छ आहे. परळच्याच हाफकिनचं नाव महाराष्ट्रभर सर्पविषावरच्या लशीशी जोडलेलं आहे. घोड्याला विषाच्या छोट्या छोट्या मात्रा देत जायचं आणि त्याच्या रक्तात तयार झालेलं प्रतिविष वेगळं काढायचं, अशी ही पद्धत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ती लस चालते. मग मांत्रिकाचा मंत्र का 'चालतो'? कारण आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी पुरेसं विष अंगात जातंच असं नाही. जो तसाही जगणार होता त्याच्या जगण्याचं श्रेय मंत्राला मिळतं आणि जो गेला त्याचा दोष त्याच्या प्राक्तनाला. मांत्रिकाच्या खात्यात फक्त जमा पडते, खर्च कधीच पडत नाही. असा व्यवहार मोकळा सोडा म्हणणं म्हणजे स्वातंत्र्याच्या नावाने हिशेब तपासायला नकार देणं.

आता आवरण्याची बाजू. तिच्यातही मला दोन धोके दिसतात.

पहिला दंडुक्याचा. १८९६च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या साथीत, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तेच आजचं कस्तुरबा. आत नेलेल्या माणसाचं काय करतात याच्या भयानक अफवा शहरभर होत्या. रोग्याला घरातून जबरदस्तीने उचलणारं सरकार आणि त्याच्या धर्म-जातीची पर्वा न करणारी व्यवस्था समोर असल्यावर लोकांना डॉक्टरच चेटक्या वाटू लागला. अंधश्रद्धा पोलीस पाठवून निपटून काढता येते असं वाटणाऱ्या माझ्या विवेकवादी मित्रांनी हे लक्षात ठेवावं. अंगात येणाऱ्या बाईला चौकीत बसवून काहीही सिद्ध होत नाही. घरात जिचं कुणी ऐकत नाही, तिला आठवड्यातून एकदा अंगात आल्यावर तरी घरादाराला ऐकवता येतं, हेही कधी तरी समजून घ्यायला हवं.

दुसरा धोका नोंदणीचा. फँटसीतल्या वादात हा मधला मार्ग म्हणून येतो. बंदी नको, मोकाटही नको, जादूगारांना परवाने द्या. कादंबरीत परवाना म्हणजे जादूगाराच्या पायातली बेडी. मुंबईत तो काय होईल याचा विचार करा. लोकलच्या डब्यात खिडकीच्या वर चिकटवलेली ती कागदं आपण सगळ्यांनी वाचली आहेत. बाबा बंगाली, प्रेमात अपयश, सवतीपासून सुटका, नोकरी, मूठ-करणी, चोवीस तासांत काम, शंभर टक्के गॅरंटी, खाली मोबाईल नंबर. त्यात आणखी एक ओळ येईल: 'शासनमान्य, नोंदणी क्रमांक अमुक'. त्या दिवशी धंदा दुप्पट होईल. ज्या दाव्यात तथ्य नाही त्याला परवाना देणं म्हणजे सरकारनेच त्याला तथ्य बहाल करणं. म्हणून नोंदणी नकोच.

मग हवं काय? दाव्याला दावा म्हणून धरायचं आणि त्याबद्दल घेतलेल्या पैशाचा जाब विचारायचा. त्यासाठी नवा कायदाही फारसा लागत नाही. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरे होतात अशी जाहिरात करायला १९५४च्या केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. चमत्कारी यंत्रं टीव्हीवर विकणं २०१३च्या कायद्याच्या विरोधात आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये सांगितलं. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूदही आहे. आणि लोकलच्या डब्यातला आरोपी तर स्वतःचा नंबर छापून देतो! रोज लाखो माणसं ज्याखालून जातात तो पुरावा दिसत नसेल, तर अडचण कायद्यात नाही.

भोक आहे ते वेगळंच. त्याच कलम १२ने ज्योतिषी, वास्तुशास्त्रवाले आणि भूगर्भातलं पाणी सांगणारे यांच्या सल्ल्यालाही बाहेर ठेवलं आहे. नंदीबैलवाल्याचं नाव त्यात आहे, ते ठीक. दारोदार फिरून पसाभर धान्य नेणाऱ्याला कुणी तुरुंगात घालू नये. पण त्याच्या बैलाच्या आडून वातानुकूलित कार्यालयातला माणूसही सुटतो. तो लाखांत मोजलेले पैसे घेऊन घराच्या भिंती पाडायला लावतो, मुलीची पत्रिका 'सदोष' ठरवतो आणि त्या दोषाची शांतही स्वतःच करून देतो. सवलत द्यायचीच तर ती गल्ल्याचा आकार आणि झालेलं नुकसान बघून द्या, व्यवसायाचं नाव बघून नको. पूजाअर्चेला सूट देताना 'शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान नसेल तर' ही अट लावली आहे. तीच अट सल्ल्यालाही लावा, एवढीच माझी मागणी आहे.

हा कायदा सहज मिळालेला नाही हेही विसरू नये. नरेंद्र दाभोलकर नव्वदच्या दशकापासून त्याच्या मागे होते. मसुदे झाले, सभागृहांत अडले, कापले गेले, पुन्हा आले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. चारच दिवसांनी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. खटल्याचा निकाल यायला मे २०२४ उजाडलं. दोघांना जन्मठेप झाली, उरलेले तिघे पुराव्याअभावी सुटले. कुणाच्या देव्हाऱ्याला हात न लावणारा, फक्त 'तपासून बघा' म्हणणारा हा माणूस होता. मांत्रिकाचं स्वातंत्र्य धोक्यात आहे म्हणून गळा काढणाऱ्यांनी गेल्या तीस वर्षांत या राज्यात नेमका कुणाचा आवाज बंद करण्यात आला ते आठवून पाहावं.

फँटसीतला वाद चालू राहू दे, मलाही तो आवडतो. पण इथल्या जादूगाराबद्दल बोलताना आधी विचारा, शक्तीचा दावा तो स्वतः करतो आहे की लोक तिच्यावर लादत आहेत. तो स्वतः करत असेल तर त्याच्याकडे हिशेब मागा. लोक लादत असतील तर तिच्या दाराशी पोलीस उभा करा, तिला संरक्षण म्हणून.