नाव कुणाच्या बापाचं?

दोस्तहो, नावाची लढाई आपल्याला नवी नाय. मराठवाडा विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव यावं म्हणून १९७८ ते १९९४ आपली माणसं मेली, घरं जळाली. तेव्हा शहाणे विचारायचे, नावात काय आहे? तेच शहाणे आज तीन अक्षरांवर मालकी सांगायला वकील लावतात. नावात माल आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

दादाजी खोब्रागडे घ्या. चंद्रपूर जिल्हा, नागभीड तालुका, गाव नांदेड. तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकरवाले दलित शेतकरी. १९८३ साली धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दादाजींनी त्या वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या, आणि बारीक तांदळाचं नवं वाण उभं केलं. तेव्हा मनगटावर एचएमटी घड्याळाची शान होती. धानाला नाव पडलं एचएमटी. १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रानं ५ किलो बियाणं नेलं. १९९८ साली 'पीकेव्ही-एचएमटी' बाहेर आलं. दादाजींचं नाव गायब! ३ जून २०१८ ला ते गेले, गरिबीतच गेले.

उद्या एखादा गिरणीवाला हेच नाव तांदळासाठी ट्रेडमार्क म्हणून मागेल. मग काय करणार? नुसती बोंब मारणार?

मी म्हणतो, हरकत घ्या. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम २१ वाचा. अर्ज जर्नलमध्ये छापला की चार महिन्यांत कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. दुकान नको, कंपनी नको. अर्जदारानं दोन महिन्यांत उत्तर दिलं नाय तर अर्ज बाद. धंद्यात सर्रास रूढ झालेलं नाव एकट्याच्या खिशात घालायला कलम ९ आडवं येतं. आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचं कलम १७ सांगतं, नोंदणीत वाणाला दिलेलं नाव ट्रेडमार्क होऊच शकत नाय.

कुणी म्हणेल, दादाजींनी तरी नाव घड्याळाचंच उचललं ना? उचललं. पण कुंपण घातलं नाय. कुणाला पेरू नको म्हटलं नाय. आणि घड्याळाचा कारखाना बंद करायचं सरकारनं २०१६ साली ठरवलं; धान अजून उगवतंय. नाव जिवंत ठेवलं ते चिखलात राबणाऱ्यांनी.

पण कायद्याचीही मेख आहे. विरोधाची फी ३००० रुपये, ऑनलाइन २७००. रोवणीवाल्या बाईची ती कित्येक दिवसांची मजुरी. भामरागडच्या माडिया पोरानं दर आठवड्याचं जर्नल कधी चाळायचं? वाण कायद्याच्या कलम ४४ नं शेतकऱ्याला, गावाला फी माफ आहे. मग ट्रेडमार्कात का नाय? ही आपली मागणी पाहिजे.

कागदाची लढाई बाबूलोकांची, असं समजू नका. महाडचं पाणी आपण १९२७ ला प्यालो. तळं खाजगी आहे म्हणत सवर्ण कोर्टात गेले, तेव्हा बाबासाहेब १९३७ पर्यंत कागदावर लढले आणि हायकोर्टात जिंकले.

आपल्यात कायदा शिकलेली पोरं आता कमी नायत. एकानं जर्नल चाळावं, एकानं गावाला कळवावं, बाकीच्यांनी फी जमवावी. मोर्चा काढूच. पण चार महिने मोजायलाही शिका.