उघड्या अंगाचा शोलो

दोस्तांनो, २०१७ साली आलेला ‘कोको’ हा कार्टून चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात मिगेलच्या मागे मागे हिंडणारा, जीभ बाहेर लोंबणारा दांते आठवतो ना? अंगावर केसाचा पत्ता नाही! चित्रकाराने गंमत केली असेल असं वाटतं, पण अशी कुत्री खरोखरच असतात. त्यांचं मूळ घर मेक्सिको आणि नाव शोलोइत्स्क्विंतली. एका दमात म्हणून बघा बरं! जमलं नाही तर नुसतं ‘शोलो’ म्हणा, चालतं.

हे नाव आहे नाहुआत्ल भाषेतलं, म्हणजे मेक्सिकोत राहणाऱ्या ॲझ्टेक लोकांच्या भाषेतलं. शोलोत्ल हा त्यांचा एक देव आणि इत्स्क्विंतली म्हणजे कुत्रा. माणूस मेला की त्याला पाताळात जाताना एक नदी ओलांडावी लागते आणि ती पार करून देतो कुत्रा, अशी त्यांची समजूत होती. आपल्या धर्मराजालाही शेवटच्या वाटेवर कुत्र्यानेच सोबत केली होती, नाही का? पश्चिम मेक्सिकोत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांमध्ये मातीचे गुबगुबीत कुत्रे सापडले आहेत. इतका मान, आणि तरी त्या काळी तिथे कुत्री खाल्लीही जात, बरं का!

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शोलोंची संख्या फारच घटली. तेव्हा १९५४ साली काही श्वानप्रेमी मेक्सिकोतल्या दूरदूरच्या खेड्यांत जाऊन ही कुत्री शोधत हिंडले. त्यांतूनच पुढची पैदास झाली आणि १९५६ साली मेक्सिकोच्या श्वानसंस्थेने या जातीला मान्यता दिली.

आता मुद्द्याचं. ‘केसच नाहीत, म्हणजे विंचरायला नको, घरभर केस पडायला नकोत, कामच नाही!’ असं शोलोबद्दल अनेकांना वाटतं. (आई-बाबांना तर नक्कीच वाटेल.) पण कुत्र्याच्या अंगावरचे केस काही शोभेसाठी नसतात. ते उन्हापासून, थंडीपासून, काट्याकुट्यांपासून त्याला वाचवतात. शोलोच्या अंगावर ते नाहीत. मग ते काम कोण करणार? अर्थात त्याला पाळणारा!

दुपारच्या उन्हात हिंडवलं तर शोलोची त्वचा भाजून निघते. ज्याच्या अंगावर फिकट ठिपके असतात त्याचे ठिपके आधी लाल होतात. मग आपलंच सनस्क्रीन चोपडलं तर? अजिबात नको. कुत्रा स्वतःचं अंग चाटतो आणि माणसांच्या क्रीममधलं झिंक ऑक्साइड पोटात गेलं तर त्याला बाधतं. पशुवैद्यांना विचारून कुत्र्यांसाठी असलेलंच आणायचं. त्याहून सोपं म्हणजे फिरायला सकाळ-संध्याकाळ न्यायचं. थंडीत स्वेटर लागतो, आणि तो लाड म्हणून नव्हे, गरज म्हणून. साबण सारखा सारखा लावला की त्वचेतलं तेल निघून जाऊन ती कोरडी पडते. उलट मलम थापून ठेवलं तर छिद्रं बुजतात. आणि गंमत ऐका, वयात येणाऱ्या शोलोला चक्क मुरुमं येतात! आठवी-नववीतल्या ताई-दादांनो, तुमचं दुःख जाणणारा कुणीतरी आहे म्हणायचा. तीही फोडायची नसतात हं.

शोलोच्या अंगाला हात लावला की गरम लागतं. पूर्वी मेक्सिकोत दुखऱ्या सांध्यांना शेक मिळावा म्हणून त्याला कुशीत घेऊन झोपत. त्याला ताप असतो असं मात्र नाही. कुठल्याही कुत्र्याचं तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट, आपल्यापेक्षा थोडं जास्तच असतं. एरवी मध्ये केस असतात म्हणून ते आपल्या हाताला कळत नाही, इतकंच.

मग केस गेले कुठे? याचं उत्तर शास्त्रज्ञांना २००८ साली सापडलं. एका जनुकात बदल झाला की कुत्रा बिनकेसाचा होतो. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बाबांकडून. बदललेली एक प्रत आली की केस नाहीत. दोन्ही बदललेल्या आल्या तर ते पिल्लू जन्मापूर्वीच मरतं. म्हणून जिवंत असलेल्या प्रत्येक बिनकेसाच्या शोलोत बदललेली प्रत एकच असते. आई-बाप दोघंही बिनकेसाचे असले, तरी जन्मलेल्या पिल्लांपैकी सरासरीने तीनात एक चांगलं केसाळ निघतं! हाच जनुक दातांच्या वाढीतही लागतो. त्यामुळे बिनकेसाच्या शोलोला बरेचदा काही दात कमी असतात. चणे आहेत तर दात नाहीत, त्यातली गत!

आणखी एक गैरसमज. घरात कुणाला कुत्र्याची ॲलर्जी असेल तर शोलो चालेल, असं सांगतात. पण ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या पदार्थांनी. शोलोला लाळही आहे आणि त्वचाही. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय यावर भरवसा नको.

स्वभावाने शोलो शांत आणि सावध. उगाच भुंकत नाही. घरच्यांना अगदी चिकटून असतो, परक्यांशी मात्र लवकर सलगी करत नाही. पाहुण्यांनी आल्या आल्या डोक्यावर हात ठेवलेला त्याला आवडत नाही, त्याला आधी वास घेऊ द्यायचा. त्याच्यावर ओरडलं की तो रुसून बसतो, चुचकारून शिकवलं की पटकन शिकतो. पिल्लू असताना मात्र शांतपणा विसरा. पहिली दोन वर्षं नुसता धुडगूस! कुंपणावरून उडी मारायलाही हे पटाईत. आणि दिवसभर घरात एकट्याला कोंडून ठेवलं, तर चपला, उशा, वह्या, काहीही शिल्लक राहणार नाही. गृहपाठाची वही तेवढी आधी उचलून ठेवायची.