निदान करणाऱ्या चष्म्याची आधी तपासणी हवी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहत आहे. अमेरिकेतल्या लायगोने 2015 साली टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर जेमतेम 0.2 सेकंदाची होती. तरीही तिच्यावर विश्वास बसला. कारण सुमारे 3,000 किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांत ती सारखीच उमटली आणि मूळ नोंदी जगाला पडताळायला खुल्या झाल्या. आभासी वास्तवाचे, म्हणजे व्हीआरचे हेडसेट आता डोळ्यांच्या हालचालींवरून मेंदूचे आरोग्य जोखू पाहत आहेत. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या नव्या संस्थांनी त्यांनाही हाच निकष लावावा.

नजर एका बिंदूवरून दुसऱ्यावर झेपावते, त्या हालचालीला सॅकेड म्हणतात. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी (पीएसपी) यासारख्या मेंदूविकारात ही झेप, विशेषतः वर-खाली पाहताना, मंदावते. म्हणून तिचा वेग मोलाचा. पण पाच अंशांची झेप साधारण 30 मिलिसेकंदांत संपते. सेकंदाला 120 नोंदी घेणाऱ्या हेडसेटला त्या वेळात तीन-चार नोंदीच मिळतात आणि सर्वोच्च वेग खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. निरोगी माणूसही मंद ठरायचा. शिवाय व्हीआरमध्ये डोकेही मोकळेपणी हलते. एकाच वस्तूकडे पाहत मान उजवीकडे वळवली, तर डोळे खोबणीत जवळपास तितक्याच वेगाने डावीकडे फिरतात. अशा वेळी ‘सेकंदाला 30 अंशांपेक्षा अधिक वेग म्हणजे सॅकेड’ एवढाच नियम लावला, तर नजर स्थिर असतानाही झेपेची नोंद होईल. डोक्याची हालचाल हिशेबात धरल्याशिवाय निकालाला अर्थ नाही.

मेंदूविकारतज्ज्ञ सहज मिळत नाहीत तिथे अपुरे यंत्रही काय वाईट, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. मोठ्या झेपा मोजायला किंवा नजर किती वेळाने हलली हे पाहायला असा हेडसेट उपयोगी पडेल. पण यंत्राने चुकून ‘सर्व ठीक’ म्हटले, तर पुढच्या तपासणीसाठी नांदेड गाठू पाहणारा रुग्ण घरीच थांबेल. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. डोळ्यांच्या नोंदी ही रुग्णाची खासगी माहिती आहे, त्यामुळे त्याची संमती हवीच. मात्र खासगीपणा हा रुग्णाचा हक्क आहे. मोजण्याची पद्धत झाकायला उत्पादकाला मिळालेली सवलत नव्हे. म्हणून नोंदींचा दर, झेप ओळखण्याचा नियम आणि डोके-डोळ्यांच्या मूळ नोंदी रुग्णालयाला देण्याची अट खरेदीच्या निविदेतच असावी. सेकंदाला हजार नोंदी घेणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्राशी पडताळा झाल्यावरच हेडसेटचा निकाल केसपेपरवर चढवावा.